पायाखालचे लिनोलियम आणि शुभवर्तमान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उपवासकाळ तोंडावर आला होता आणि आमच्या देवळातील क्रूसाच्या वाटेची जुनी चित्रे ओलीने डागाळल्यामुळे उतरवून ठेवावी लागली होती. नवी चित्रे येईपर्यंत धर्मग्रामातील तरुणांनीच चौदा स्थानांची चित्रे काढावीत, असे आम्ही रविवारच्या मिस्सानंतर सुचविले. चित्रे आली. बहुतेक रंगीत, नेटकी, बाजारातील छापील चित्रांवरून उतरवलेली. पाचव्या स्थानासाठी एका तरुणाने आणलेले चित्र मात्र काळे-पांढरे होते. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, त्याला शाई लावून, कागदावर उमटवलेले. त्यातील कुरेनेकर शिमोनाच्या अंगात बनियन होते. चेहरा त्या तरुणाच्या वडिलांचा होता. ते केळीचे लोंगर लॉरीत चढविण्याचे काम करीत. आणि क्रूसाचे लाकूड व शिमोनाचा खांदा यांच्यामध्ये एक घडी घातलेला पंचा होता.

समितीतील मंडळींना ते रुचले नाही. “फादर, पंचा शास्त्रात कुठे आहे?” असे एका वडीलधाऱ्यांनी विचारले. दुसरे म्हणाले की, चित्र काळे आहे, देवळात अंधार वाटेल. आम्ही काहीच बोललो नाही. चित्र परत गेले आणि त्याच्या जागी दुकानातून आणलेले एक चकचकीत चित्र लागले. समितीला आम्ही दोष देत नाही. चित्राविषयी चार शब्द सांगण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही, कारण त्या चित्राकडे कसे पाहावे हे आम्हालाच कळले नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो, लॅटिनही थोडे गिरवले. चित्र वाचायला मात्र शिकलो नाही.

अलीकडे दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील दोन ख्रिस्ती चित्रकारांची लिनोकट चित्रे पुस्तकांतून पाहण्याचा योग आला. मूळ प्रती नव्हेत, प्रतिकृतीच. तरीही त्या पाहताना आम्हाला तो पंचा पुन्हा आठवला. त्या दोघांच्या कलेविषयी आणि अशा साध्या साधनांच्या कलेतून आपल्या घरांनी काय घ्यावे याविषयी लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ही कला म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लिनोलियम ही जमिनीवर अंथरण्याची वस्तू. जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि रंग यांचे मिश्रण तागाच्या कापडावर थापून ती तयार होते. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज कारखानदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ती बाजारात आणली. लाकडासारखे हिला रेषे नसतात, त्यामुळे पटाशी कोणत्याही दिशेने फिरते, आणि थोडी उन्हात ठेवली की ती आणखी मऊ पडते. आपल्या घरांत ज्याला लिनोलियम म्हणतात ते बहुधा प्लास्टिकचे पातळ आवरण असते. त्यावर हे काम होत नाही. खरे लिनोलियम चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळते.

कृती सांगण्यास सोपी आहे. जे पांढरे राहायला हवे ते कोरून काढायचे, जे काळे उमटायला हवे ते ठेवायचे. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटायचे. यंत्राची गरज नाही. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवून मजकूर छापला जात असे, त्याचेही तत्त्व हेच: उंच भाग शाई घेतो, खोल भाग कोरा राहतो.

करून पाहण्यास मात्र ती तितकी सोपी नाही. गेल्या सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही हा उद्योग केला. लहानांना अर्धा चिरलेला बटाटा दिला, मधल्यांना जुन्या हवाई चपलांचे तळवे, आणि मोठ्यांना लिनोलियमचे तळहाताएवढे तुकडे. आमच्या मांडीवरही एक तुकडा होता. त्यावर आम्ही मोठ्या भक्तिभावाने ‘आमेन’ कोरले आणि कागद उचलला तेव्हा ते उलटे निघाले. मुले पोट धरून हसली. अक्षर आरशातल्यासारखे कोरावे लागते हे आम्ही त्यांना पाचच मिनिटांपूर्वी सांगितले होते! दुसऱ्या खेपेस अक्षर सुलटले, पण ‘मे’ची मात्रा पटाशी निसटून उडाली. उडालेली मात्रा परत बसविता येत नाही. पेन्सिलीची रेघ खोडता येते, तैलरंगावर रंग चढविता येतो. इथे एकदा गेले ते गेले. म्हणून पटाशी लावण्यापूर्वी थांबावे लागते आणि काय ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. दहा-बारा वर्षांची चंचल मुले त्या दुपारी जेवढी गप्प बसली तेवढी ती मिस्सालाही बसत नाहीत, हे आम्ही कबूल करतो.

ख्रिस्तसभेला ही कला नवी नाही. युरोपात लाकडी ठशांची चित्रे पंधराव्या शतकात घरोघर पोहोचली. यात्रेकरू ती अल्प किमतीत विकत घेत आणि दारावर, पेटीच्या झाकणात किंवा पोथीच्या पुठ्ठ्यावर चिकटवीत. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत क्रिस्टोफरचे असे एक काष्ठचित्र एका हस्तलिखिताच्या बांधणीत चिकटवलेले सापडले. त्यावर १४२३ हे वर्ष कोरलेले आहे आणि आज ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. पुढे त्याच शतकात चित्र आणि मजकूर एकाच फळीवर कोरून अख्खी पुस्तके छापली गेली. ‘गरिबांचे बायबल’ या नावाने ओळखली जाणारी पुस्तके त्यांतलीच. त्यांत ख्रिस्तचरित्रातील एका प्रसंगाच्या दोन्ही बाजूंना जुन्या करारातील दोन प्रसंग मांडलेले असत. या चित्रांतील रेघा जाड आहेत, चेहरे ओबडधोबड आहेत. पण ज्या घरात सोन्याचा वर्ख लावलेले चित्र कधीच आले नसते, तिथे ती गेली.

नंतर छपाई रंगीत झाली आणि भक्तीची रुचीही बदलली. गुळगुळीत कांती, निळे डोळे, मागे मावळतीचे आकाश असलेली चित्रे आपल्या ओसऱ्यांत लागली. आमच्या आजीच्या घरी पवित्र हृदयाचे असेच एक चित्र होते आणि त्याच्यासमोर आम्ही गुडघे टेकून रोझरी म्हणायला शिकलो. त्या चित्राची आम्ही टर उडविणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशी चित्रे आपण विकत घेतो, तयार घेतो. ती करण्यात आपला हात नसतो, आणि त्यामुळे हळूहळू असे वाटू लागते की पवित्र गोष्टी आपल्यासारख्या माणसांच्या चेहऱ्यांत मावतच नाहीत.

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. तिथे नाताळ नावाचा प्रांत होता. वास्को द गामाचे जहाज १४९७ च्या ख्रिस्तजन्माच्या दिवसांत त्या किनाऱ्याने गेले म्हणून पोर्तुगीजांनी दिलेले हे नाव. आपल्या सणाचे नावही त्याच शब्दातून आले आहे. या प्रांतात १९६१ च्या सुमारास पेडर आणि उल्ला गोवेनियस हे स्वीडिश चित्रकार दांपत्य लुथेरन मिशनच्या कामासाठी आले. देशात वर्णभेदाची राजवट होती. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण मजुरीपुरते आखून दिले होते आणि कलाशिक्षणाची दारे त्यांना जवळजवळ बंदच होती. त्झेझा येथील मिशन इस्पितळात क्षयाचे रुग्ण महिनोन्‌महिने पडून असत. त्या रुग्णांत अझारिया म्बाथा हा विशीतला झुलू तरुण होता, एका लुथेरन सुवार्तिकाचा मुलगा. पेडर गोवेनियस यांनी त्याला लिनोलियम कोरायला शिकविले.

या दांपत्याने सुरू केलेले कलाकेंद्र १९६३ मध्ये रोर्क्स ड्रिफ्ट येथील जुन्या मिशन ठाण्यावर हलले. १८७९ साली इंग्रज आणि झुलू यांची लढाई झाली ते हेच ठिकाण. तिथे विणकाम व मातीकाम चाले आणि मुद्राचित्रणही शिकविले जाई. तेथील कलाशाळा १९८२ साली बंद पडली. मधल्या काळात ज्यांना दुसरीकडे कुठेही शिकता आले नसते अशा कित्येक काळ्या चित्रकारांनी तिथे पटाशी हाती धरली.

म्बाथाचे विषय प्रामुख्याने बायबलचे आहेत. योसेफाची कथा त्याने चौकटींमागून चौकटी मांडून सांगितली आहे. त्याच्या चित्रांतील माणसे काळी आहेत, आणि लिनोकटमध्ये या गोष्टीला एक अर्थ आहे. काळे म्हणजे न कोरलेले, मूळचे. चित्रकार त्या काळ्या पृष्ठभागात प्रकाशाच्या रेघा पाडीत जातो. डोळे, बोटे, वस्त्राच्या चुण्या या सगळ्या पांढऱ्या ओरखड्यांतून प्रकट होतात. ज्या देशात काळ्या कातडीला उणीव मानले जात होते, तिथे या माणसाने काळ्याला चित्राची जमीन केले. भावांनी विकलेला, परदेशात गुलाम झालेला, तुरुंगात पडलेला योसेफ त्याच्या वाचकांना दूरचा वाटण्याचे कारणच नव्हते. आपल्या प्रवचनांत आम्ही योसेफाकडून क्षमाशीलतेचा धडा काढतो. म्बाथाची चित्रे पाहताना आधी विकले जाणे दिसते, क्षमा मागून येते. हा क्रम मूळ ग्रंथाशी अधिक प्रामाणिक आहे असे आमचे मत झाले.

त्याच्या चित्रांत एक दोषही आम्हाला जाणवतो. काही चौकटींत माणसांची इतकी दाटी होते की डोळा कुठे टेकावा ते कळत नाही. सगळेच सारख्या आवाजात बोलतात. पण ही दाटी झोपडीत अनेकांनी मिळून गोष्ट ऐकावी तशी आहे, एकट्याने वाचावी तशी नाही, हेही खरे. म्बाथा १९६९ मध्ये कायमचा स्वीडनला गेला आणि २०१८ मध्ये वारला. स्वतःच्या देशात राहून त्याला ते काम पुढे नेता आले नाही, ही त्या राजवटीने केलेली हानी म्हणून नोंदवली पाहिजे.

दुसरा चित्रकार जॉन मुआफांगेजो. १९४३ मध्ये अंगोलात जन्मलेला हा क्वान्यामा जमातीचा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर सीमा ओलांडून आजच्या नामिबियात आला आणि अँग्लिकन मिशनमध्ये शिकला. १९६७ ते १९६९ तो रोर्क्स ड्रिफ्टला होता. १९८७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला ते त्याने पाहिले नाही. मागे त्याची अडीचशेहून अधिक मुद्राचित्रे राहिली.

मुआफांगेजो चित्रातच अक्षरे कोरतो. लिनोलियमवर उलटे कोरणे किती जिकिरीचे असते ते आम्ही एका ‘आमेन’वरून जाणतो, हा माणूस वाक्येच्या वाक्ये कोरतो, तीही आपल्या धाटणीच्या इंग्रजीत. त्याच्या १९७३ च्या एका चित्राचे शीर्षक असे आहे की, यहुदा इस्कार्योतने प्रभू येशूला तीन रँडला विकले. रँड हे दक्षिण आफ्रिकेचे नाणे. तीस रुपये आपण उपवासकाळात इतक्या वेळा ऐकतो की त्यांची किंमत आपल्याला लागत नाही. ‘तीन रँड’ म्हटल्यावर ती खिशातली रक्कम होते, आणि एवढ्याशा पैशांसाठी कोण कोणाला विकतो हा प्रश्न त्याच गावात, त्याच वर्षी उभा राहतो. उत्तर नामिबियातील ओदिबो येथे ज्या मिशनच्या परिसरात तो शिकला होता, तेथील सेमिनरी १९८१ मध्ये स्फोटाने उद्‌ध्वस्त झाली. त्याचेही त्याने लिनोकट केले. आम्ही सेमिनरीत वाढलेली माणसे. त्या चित्राचे नुसते शीर्षक वाचूनही आम्ही क्षणभर थबकलो. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याने एकमेकांना कवटाळणारी दोन माणसे कोरली व सध्याच्या अडचणी असूनही आशा आहे अशा आशयाचे नाव त्या चित्राला दिले. सेमिनरीचे चित्र आधी पाहिले नसते तर हे दुसरे चित्र आम्हाला भेटकार्डासारखे वाटले असते. ज्याने ढिगारा कोरला त्याच हाताने हे आलिंगन कोरले, म्हणून ते पटते.

इथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. गरिबांना बटाटे आणि लिनोलियम द्यायचे, त्यांच्या वेड्यावाकड्या रेघांना ‘निरागस’ म्हणायचे आणि मोठी कला आपल्याकडे ठेवायची, हाही एक सोवळेपणा नव्हे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. मुआफांगेजोच्या इंग्रजीचे कौतुक करताना काही जण लहान मुलाच्या बोबड्या बोलांचे करावे तसे करतात, ते आम्हाला अपमानकारक वाटते. पण साधे साधन म्हणजे हलके साधन, हे समीकरण चुकीचे आहे. पिकासोने उतारवयात दक्षिण फ्रान्समध्ये लिनोकट केले ते काही रंग परवडत नव्हते म्हणून नव्हे. साधन साधे असले की चुका लपत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. रोर्क्स ड्रिफ्टच्या शिक्षकांनी साधन दिले, चेहरे दिले नाहीत. योसेफ कसा दिसतो हे म्बाथाने ठरविले. मिशनच्या कामात ही मर्यादा पाळणे किती कठीण असते ते आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. बंगालचे चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईस आले आणि अंधेरीत बरीच वर्षे राहिले. १९४३ च्या दुष्काळाची चित्रे काढणाऱ्या या चित्रकाराने पुढे राबणाऱ्या मुलांची लिनोकट मालिका केली. डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने ती १९६९ मध्ये ‘परीकथांविना देवदूत’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. चित्तप्रसाद ख्रिस्ती नव्हते, साम्यवादी चळवळीतून आलेले होते. त्यांच्या चित्रांतील मुले आपल्याच रस्त्यांवरची आहेत. अंधेरीहून आमच्या गावाकडे लोकल गाडी येते. तरीही रोर्क्स ड्रिफ्टची चित्रे पाहीपर्यंत आम्ही त्यांचे नाव ऐकले नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा जो दस्तऐवज स्वीकारला, त्यात ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही असे स्पष्ट केले आहे. सेमिनरीत परीक्षेसाठी आम्ही ते पाठ केले होते. पाचव्या स्थानाचे चित्र समोर आले तेव्हा मात्र ते आम्हाला आठवले नाही.

आता त्या चित्राकडे परत जाऊ. ‘पंचा शास्त्रात कुठे आहे?’ हा प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायचे राहून गेले. शुभवर्तमानात पंचा नाही. पण मार्कने शिमोनाची ओळख करून देताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत: तो शेतावरून येत होता आणि तो आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप होता. बाकी त्याचे रूप, वय, स्वभाव काहीच नाही. म्हणजे ग्रंथकाराच्या लेखी शिमोन हा प्रथम कोणाचा तरी बाप आहे, कामावरून परतणारा. त्या तरुणाने त्याला आपल्या बापाचा चेहरा दिला तेव्हा तो शास्त्राबाहेर गेला नव्हता; आमच्यापेक्षा ते त्याने अधिक बारकाईने वाचले होते. आणि पंचा? रोज ओझे वाहणारा माणूस खांद्यावर घडी ठेवल्याशिवाय लाकूड उचलत नाही. त्याच चित्रात प्रभूच्या खांद्यावर घडी नव्हती. त्या एका फरकात, ओझ्याची सवय असलेला माणूस आणि ज्याच्यावर ते लादले गेले तो, हे दोघे शेजारी शेजारी उभे होते. ‘काळे चित्र’ म्हणून आम्ही ते परत केले.

चित्र म्हणून त्यात उणिवा होत्या, हेही लिहिले पाहिजे. मागची गर्दी उरकून टाकली होती, सैनिकाचा हात खांद्यापासून तुटल्यासारखा दिसत होता. पण दुकानातून आणलेल्या चित्रात एकही चूक नव्हती आणि त्यात पाहण्यासारखेही काही नव्हते.

गेल्या महिन्यात आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. तो आता तरुण राहिलेला नाही. त्याचे वडीलही आता नाहीत. चित्राविषयी विचारले तेव्हा तो थोडा संकोचला. परत मिळालेली प्रत पावसाळ्यात वाळवीने खाल्ली होती. पण लिनोलियमचा तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. रंगवलेले चित्र गेले की गेले. ठसा असेल तर पुन्हा छापता येते, ही या कलेतील देणगी आम्हाला त्या दिवशी समजली. कडा किंचित तडकल्या होत्या. त्याने तुकडा पुसला, शाई लावली, कागद ठेवला, आणि त्याच्या मुलीने स्वयंपाकघरातून चमचा आणून घोटायला घेतले. कागद उचलल्यावर तिने विचारले, “हे आपले आजोबा ना?”

तिच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, “होय बाळ, तुझे आजोबा. आणि शिमोनसुद्धा.”

ती प्रत आम्ही मागून घेतली आहे. येत्या उपवासकाळात ती पाचव्या स्थानावर लागेल. समितीशी आमचे बोलणे झाले आहे. एक-दोघांची अजूनही नाराजी आहे आणि ती त्यांनी चित्र पाहून मग व्यक्त करावी अशी आमची विनंती आहे. उरलेली तेरा स्थाने कोणी कोरावयास घेणार असेल तर लिनोलियमचे तुकडे धर्मगुरुनिवासात ठेवलेले आहेत. पटाश्या जपून वापराव्यात; त्या धारदार आहेत.